एका गोदामाचे दोन आकडे : इंदूरच्या एका दाल मिलचे सहा आठवडे

२५ सप्टेंबर २०२३, सोमवार. गौरी शनिवारीच गेल्या होत्या, गणपती अजून घरात होते आणि फ्रिजमध्ये पुरणाचा शेवटचा डबा उरला होता. संध्याकाळची आरती चालू असताना मुनीमकाकांचा फोन दोनदा वाजून गेला. तिसऱ्यांदा उचलला तर नमस्कार-चमत्कार काही नाही. "दोनशेचे पन्नास केले. आपले पंचवीसचे दहा. उद्या सकाळी ये."

मी इंदुरात चार-पाच छोट्या कारखान्यांचे हिशेब बघतो : जीएसटी, बँकेची स्टॉक स्टेटमेंटं, ऑडिटरला लागतील ते कागद. त्यातली एक सांवेर रोडची दाल मिल. मालक मारवाडी, आम्ही त्यांना सेठजीच म्हणतो. मुनीमकाका मात्र मल्हारगंजातले, पक्के मराठी, मिलमध्ये तीस वर्षं काढलेले. हे प्रकरण त्या मिलचं आहे. नाव लिहीत नाही. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत, प्रमाणं तीच ठेवली आहेत.

काकांच्या फोनचा अर्थ असा. त्या दिवशी केंद्र सरकारने तूर आणि उडदाच्या साठ्याची मर्यादा कमी केली होती. घाऊक व्यापाऱ्याला २०० टन ठेवता येत होते, ते ५० झाले. मिलला गेल्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढा साठा चालत होता. आता एका महिन्याचं उत्पादन किंवा क्षमतेच्या १० टक्के. आमच्या मिलची नोंदलेली क्षमता वर्षाला ६,००० टन. म्हणजे आदल्या दिवशी १,५०० टनांपर्यंत सगळं कायदेशीर होतं आणि आता ६०० टनांच्या वर एक पोतं गेलं तरी साठेबाजी. सोमवारी गोदामात ९४० टन होते : ७८० टन अख्खी तूर, १६० टन डाळ.

ही मर्यादा मुळात लागली होती २ जूनला, जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ खाली. या कायद्याला गमतीने घेत नाही कोणी. शिक्षा तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत जाते आणि माल जप्त करायचा अधिकार कलेक्टरकडे असतो. २०२० साली तीन शेती कायद्यांपैकी एकाने याच कायद्याचे दात काढले होते. डाळी, तेलबिया, कांदा-बटाटा नेहमीच्या नियंत्रणातून बाहेर गेले होते आणि प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याला त्याच्या क्षमतेपुरता साठा ठेवायची मोकळीक मिळाली होती. आमच्यासारख्या मिलला त्याहून जास्त काय हवं होतं? पण २०२१ मध्ये तिन्ही कायदे मागे घेतले गेले, त्यांच्याबरोबर हेही गेलं. दिल्लीच्या सीमेवरच्या आंदोलनाने सांवेर रोडच्या गोदामाची मर्यादा ठरवली, हे आंदोलकांच्या किंवा सेठजींच्या कोणाच्याच ध्यानात आलं नसेल.

सरकारला घाबरायला कारण नव्हतं असं मात्र नाही. २०२१-२२ मध्ये देशात तूर झाली ४२ लाख टनांच्या आसपास, २०२२-२३ मध्ये ३३ लाखांवर आली. खाणारी तोंडं तेवढीच. वर्षाकाठी साधारण ४५ लाख टन लागतात. मधली तूट मोझांबिक, मलावी, म्यानमार भरून काढतात, तीही पूर्ण नाही. जूनच्या सुरुवातीला देशातला सरासरी किरकोळ भाव किलोला सव्वाशेच्या घरात होता, वर्ष संपताना दीडशेच्या वर गेला. २०१५ मध्ये हीच डाळ दोनशेवर गेली होती आणि तेव्हा धाडींत खरोखरच डोंगराएवढा माल सापडला होता. साठेबाजी ही सरकारची कल्पना आहे असं म्हणणाऱ्या व्यापाऱ्यांशी माझं त्यामुळे जमत नाही.

मंगळवारी मिलमध्ये गेलो. सेठजी गादीवर, पुढे चहा, चेहरा उतरलेला. मुनीमकाकांनी रात्रीच हिशेब मांडून ठेवला होता, जुन्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर.

तूर वर्षातून एकदा येते. नवं पीक डिसेंबरच्या शेवटी दिसायला लागतं, जानेवारी-फेब्रुवारीत आवक भरात असते. मिल मात्र बारा महिने चालवायची असते. म्हणून जो माल सीझनला भरला तो पुढे खायचा, हा या धंद्याचा साधा रिवाज. सप्टेंबर म्हणजे तळाशी पोचलेली कणगी. महिन्याला ३९० टन तूर भरडली तर २८० टन डाळ निघते, बाकी चुनी-भुसी गुरांच्या खाद्याला जाते. नवीन खरेदी अजिबात केली नाही तर महिनाभरात, दसऱ्यापर्यंत, ३९० टन तूर आणि १६० टन डाळ उरणार, एकूण ५५०. म्हणजे हात बांधून बसलं तर मिल आपोआप मर्यादेत येत होती.

मग अडचण कुठे होती? काकांनी पेनाने एक आकडा गोल केला होता : २००. मुंबईच्या बंदरात उतरणारी २०० टन आफ्रिकन तूर महिन्याभरापूर्वी बुक झाली होती, इसार दिलेला होता. ती आली की ७५०. दीडशे टन जास्त.

इथे थोडं थांबतो, कारण मला या सगळ्यात हीच जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. आफ्रिकेची तूर भारतात येते ती साधारण याच महिन्यांत, आपलं पीक यायच्या आधी. सरकारने तिच्यावरचं आयात शुल्क काढून टाकलं होतं, कारण ती यावी. आल्यावर आयातदाराने ती दाबून ठेवू नये म्हणून त्याला कस्टममधून सुटल्यापासून ३० दिवसांची मुदत होती. हेही बरोबर. पण आयातदार कोणाला विकणार? मिलला. आणि मिलला त्याच वेळी सांगितलं की गोदाम रिकामं कर. एका हाताने विकणाऱ्याच्या पाठीत रेटा आणि दुसऱ्या हाताने घेणाऱ्याच्या छातीवर पंजा, अशी ती अवस्था होती. आमच्यासारख्या कित्येक मिलांनी त्या आठवड्यात बुकिंग थांबवलं. छावणी मंडीत त्या दिवसांत एकच प्रश्न ऐकू यायचा, "तुमच्याकडे जागा आहे का?" जागा म्हणजे गोदामातली नव्हे, कागदावरची.

आणखी एक गंमत आहे, ती फक्त मिलवाल्यालाच दिसते. शंभर टन तूर भरडली की बहात्तर टन डाळ होते. साठा जाहीर करायच्या सरकारी पोर्टलवर तूर आणि डाळ टनांतच भरायची आणि चुनी-भुसी मोजायची नाही. म्हणजे एक दाणाही न विकता, नुसती मिल चालवून, साठा २८ टनांनी कमी दिसतो. खायच्या डाळीत फरक शून्य. सेठजींना हे कळायला अर्धा मिनिट लागला असेल. लगेच दुसरी पाळी लावायची भाषा सुरू झाली. पण काकांनी मान हलवली आणि बाहेर बोट दाखवलं. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. टरफल सुटावं म्हणून तेल-पाणी दिलेली तूर ओट्यावर पसरलेली, कडेला ताडपत्र्या तयार. ड्रायर आहे, पण त्याची ताकद एका पाळीचीच. बाकीचा माल उन्हावर. इंदूरचा पाऊस गणपतीबरोबर जात नाही, त्याच्यामागून चार दिवस रेंगाळतो. ओली तूर भरडली तर टरफल निघत नाही आणि डाळीचा चुरा होतो.

त्या ओट्यावरच्या मालाचं काय करायचं, हा शुक्रवारचा प्रश्न. दर शुक्रवारी पोर्टलवर साठा जाहीर करायचा असे आणि ते काम माझ्याकडे होतं. तेल लावून अर्धवट सोललेली तूर म्हणजे तूर की डाळ? आम्ही तिला तूरच धरत आलो होतो. त्या शुक्रवारी, २९ तारखेला, सेठजींनी विचारलं की डाळ धरली तर वजन कमी नाही का होणार. काका म्हणाले, "अजून फुटली नाही तिला डाळ कशी म्हणायची?" आदल्या रात्री अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघत आम्ही सगळेच जागलो होतो, कोणात वाद घालायचं त्राण नव्हतं. तूरच भरली.

दीडशे टनांचा मार्ग सेठजींनीच काढला. दोन गल्ल्या सोडून एक मिल आहे, क्षमता मोठी पण वर्षभर निम्मीच चालते. तिच्या कागदावर भरपूर जागा. आमची १५० टन तूर, पन्नास किलोची ३,००० पोती, तिला विकायची. पक्कं बिल, पक्का काटा, गाडी. आणि तोंडी ठरलं की गरज लागली तर शंभर टन आम्ही परत घेऊ, त्यांना क्विंटलमागे १५० रुपये वर देऊन.

बिल खरं होतं, गाड्या खऱ्या होत्या, तूरही खरी होती. विक्री तेवढी खोटी. मी ते बिल एंट्री केलं. नियमात ते कुठे बसत नाही असं मला कोणी दाखवून दिलं नसतं, तरी हात जड झाला एवढं खरं.

पण या प्रकरणात माझ्या दृष्टीने खरी गोष्ट तुरीची नाही, बँकेची आहे.

मिलला बँकेची कॅश क्रेडिट लिमिट आहे, गोदामातला माल तारण. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं. मालाच्या किमतीतून देणी वजा, त्यातून २५ टक्के मार्जिन वजा, जे उरेल तेवढे पैसे उचलता येतात. म्हणजे बँकेच्या कागदावर साठा जितका जास्त तितका हात मोकळा. आणि सरकारच्या पोर्टलवर साठा जितका कमी तितकी झोप शांत. गोदाम एकच, दोघांना दोन उलट गोष्टी हव्या.

१ सप्टेंबरला पोर्टलवर मी ९८५ टन भरले होते. आदल्या दिवशीचं, ३१ ऑगस्टचं, बँकेचं स्टेटमेंट होतं १,१२० टनांचं. दोन्ही माझ्याच लॅपटॉपवरून गेली. एका रात्रीत १३५ टन तूर कुठे गेली?

६० टन वाटेवरचा माल होता, बिल्टी, म्हणजे वाहतुकीची पावती, दाखवता आली असती. उरलेले ७५ टन कुठेच नव्हते. सेठजी दर महिन्याला आकडा सांगायचे, मी तो लिहायचो. गोदामात जाऊन थप्प्या मोजणं हे माझं काम नाही, अशी मी स्वतःची समजूत घातलेली होती. टनाला एक लाख दहा हजार धरले तर ७५ टनांचे ८२ लाख होतात आणि मार्जिन वजा जाता साठ-बासष्ट लाखांची उचल त्या नसलेल्या पोत्यांवर चालू होती. किती वर्षांपासून, ते मी विचारलं नाही. काकांना ठाऊक होतं, हे त्यांच्या न बघण्यावरून कळलं.

आता ३० सप्टेंबर म्हणजे तिमाहीचा शेवट. मिल प्रायव्हेट लिमिटेड आहे, लिमिट पाच कोटींच्या वर आहे. २०२० च्या नव्या अहवाल-नियमांप्रमाणे ऑडिटरला लिहावं लागतं की बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंटं वहीशी जुळतात की नाही. यंदा वहीच्या जोडीला सरकारी पोर्टलची दर शुक्रवारची नोंद होती, तारीख-वेळेसकट. ७५ टन लपवायला जागाच उरली नव्हती.

सेठजींनी इलाज शोधला, आणि तो इतका सोपा होता की मला हसू आलं. ३० सप्टेंबरच्या स्टेटमेंटमध्ये खरे ९०० टन लिहायचे. बँकेतल्या मॅडमचा फोन आलाच : महिन्यात दोनशे वीस टन कमी कसे? "केंद्राचा आदेश आलाय, मॅडम. साठा उतरवतोय." आदेशाची प्रत सोबत जोडली. मॅडमचं समाधान झालं. बँकेपुरती ती ७५ टन हवा भारत सरकारच्या अधिसूचनेत विरून गेली.

त्याची किंमत मात्र मोजावी लागली. दीडशे टन शेजारच्या मिलला गेले होते ते पंचेचाळीस दिवसांच्या उधारीवर. माल गेला, उचल घटली, पैसे अजून आलेले नाहीत. दिवाळीच्या तोंडावर हम्मालांची बक्षिशी आणि विजेचं बिल सेठजींनी घरच्या पैशातून भरलं. वरून निवडणुकीची आचारसंहिता, रोख घेऊन फिरायची सोय नाही. त्या महिन्यात सेठजींशी कोणी सरकारबद्दल बोलायला गेलं नाही.

घरची बाजूही सांगतो, कारण नियंत्रण असतं ते शेवटी तिच्यासाठी. जुलैपासून 'भारत डाळ' नावाने सरकारने चण्याची डाळ ६० रुपये किलोने बाजारात आणली होती, तीस किलोचा कट्टा घेतला तर ५५ रुपयांनी. ऑक्टोबरात आमच्या वस्तीच्या कोपऱ्यावर गाडी उभी राहिली तेव्हा वहिनींनी दोन किलो घेतली. डाळ चांगली होती. पण सरकारी साठ्यात चणा भरपूर होता म्हणून चण्याची डाळ स्वस्त केली, आणि महाग झाली होती ती तूर. दसऱ्याचं पुरण वहिनींनी त्यातच केलं. वरण मात्र अर्धी तूर, अर्धी मसूर असं शिजायला लागलं आणि आईने पहिल्याच घासाला ओळखलं. "हे कसलं?" एवढंच म्हणाली. रेशनवर विचारायची सोय नाही, अन्न सुरक्षा कायद्यात गहू-तांदूळ आहे, डाळ नाही. तमिळनाडू आपल्या खर्चाने रेशनवर तूरडाळ देतं, आपल्याकडे तसं काही नाही.

मग सरकारने तूरच स्वस्त का नाही विकली? सरकारकडे ती फारशी नव्हतीच. हमीभाव होता ६,६०० रुपये क्विंटल, बाजारात त्याच्या कितीतरी वर मिळत असताना शेतकरी सरकारी काट्यावर कशाला जाईल? जून-अखेरीला राखीव साठ्यातली थोडी तूर मिलांना ऑनलाइन लिलावात सोडायचं ठरलं होतं. सेठजींनीही त्यात घेतली. म्हणजे सरकारनेच विकलेली तूर, सरकारच्याच पोर्टलवर, आमच्या नावावर साठा म्हणून मोजली जात होती.

६ नोव्हेंबरला, दिवाळी आठवड्यावर आली असताना, आदेश फिरला. घाऊक व्यापाऱ्याला परत २०० टन, मिलला परत तीन महिने किंवा २५ टक्के, आयातदाराला ३० ऐवजी ६० दिवस. काकांचा फोन या वेळी दुपारी आला. "दहाचे पंचवीस." बरोबर सहा आठवडे झाले होते.

शंभर टन तूर दोन गल्ल्यांतून परत आली. मी मुद्दाम बघायला गेलो. पोत्यांच्या तोंडाशी आमच्याच हम्मालांनी निळ्या शाईने मारलेला फुलीचा शिक्का तसाच होता, काहींच्या शिवणीही आमच्याच. ती तूर कोणाच्या ताटात गेली नव्हती, यंत्रातही पडली नव्हती. क्विंटलला १५० रुपये वर, दोन वेळची हमाली आणि गाडीभाडं धरून आणखी तीस. शंभर किलो तुरीत बहात्तर किलो डाळ, म्हणजे तेवढ्या डाळीला किलोमागे अडीच रुपये खर्च चढला. अडीच रुपयांनी कोणाचं घर बुडत नाही. पण भाव उतरवायला निघालेल्या आदेशाने एवढ्या मालाचा भाव चढवला.

मर्यादा निरुपयोगी होती असं मी म्हणणार नाही. जूनची मर्यादा, १,५०० टनांची, आमच्यासारख्या मिलला जाचली नाही, आणि ज्यांना जाचली असेल त्यांना जाचायलाच हवी होती. चूक झाली ती सप्टेंबरात, वर्षाच्या नेमक्या त्या महिन्यात जेव्हा देशातलं पीक संपत आलेलं असतं आणि बाहेरचा माल उतरायला सुरुवात होते. तोच दहा टक्क्यांचा आदेश मार्चमध्ये, गोदामं ओसंडत असताना आला असता तर मी त्याला वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. आणि दर शुक्रवारची ती नोंद, जिला सेठजी डोकेदुखी म्हणतात, ती मला सगळ्या आदेशातली सर्वांत कामाची गोष्ट वाटते. भाव उतरले नाहीत त्या वर्षी. ते उतरले पुढे, पीक सुधारल्यावर. २०२५ च्या सुरुवातीला तर बाजारभाव ७,५५० च्या हमीभावाखाली गेला आणि ओरडायची पाळी शेतकऱ्यावर आली.

मधल्या काळात, ३१ डिसेंबर २०२३ ला तूर-उडदाची मर्यादा संपली होती. शुक्रवारचं काम सुटलं. मग २१ जून २०२४, पुन्हा शुक्रवारच, तूर आणि चण्यावर सप्टेंबरअखेरपर्यंत मर्यादा आली, मिलला तेच तीन महिने किंवा २५ टक्के. मी पोहोचलो तेव्हा मुनीमकाका गेल्या वर्षीचं कॅलेंडर शोधत होते. पोर्टलचा पासवर्ड त्यांनी सप्टेंबरच्या पानामागे लिहून ठेवला होता, विजेच्या रीडिंगखाली. पान सापडलं, लॉगिन झालं. सेठजींनी सवयीने आकडा सांगायला तोंड उघडलं.

"थांबा," म्हटलं, "मोजून येतो."

काका टॉर्च घेऊन माझ्याबरोबर निघाले.